आधी टाकी मोजा, मग लेन्स निवडा

घरच्या मत्स्यालयाची छायाचित्रे काढण्यासाठी वापरलेली मॅक्रो लेन्स घेणे हा शहाणपणाचा पर्याय आहे. मात्र ती निवडण्याचे निकष फुलांच्या आणि फुलपाखरांच्या छायाचित्रणाहून वेगळे आहेत.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील टाकीत वर्षानुवर्षे मासे पाळणाऱ्याला एके दिवशी त्यांची छायाचित्रे काढावीशी वाटतात. कधी त्यामागे कौतुक असते, तर कधी काळजी. गोल्डफिशच्या कल्ल्यांवर अचानक पांढरे ठिपके दिसू लागतात. हा पांढऱ्या ठिपक्यांचा संसर्गजन्य रोग असू शकतो, किंवा प्रजननकाळात नराच्या कल्ल्यांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर उठणारे निरुपद्रवी दाणेही असू शकतात. रोगाचे ठिपके अंगावर आणि परांवर कसेही विखुरलेले असतात, तर नराचे दाणे ठरावीक जागी ओळीने उमटतात. ठिपका जेमतेम एक मिलिमीटरचा आणि मासा सतत हलणारा. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही आणि संशयापोटी निरोगी माशाच्या पाण्यात औषध ओतले जाते. अशा वेळी एखादे स्वच्छ, रेखीव छायाचित्र मोलाचे ठरते.

मोबाईलच्या कॅमेऱ्याने हे काम क्वचितच साधते. मग शोध सुरू होतो तो मॅक्रो लेन्सचा. नव्या लेन्सची किंमत ऐकल्यावर अनेकांचा उत्साह मावळतो, कारण ती टाकी, दिवे, फिल्टर आणि मासे या सर्वांच्या एकत्रित खर्चाहूनही अधिक भरू शकते. म्हणून पावले वापरलेल्या लेन्सकडे वळतात. तेथे मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘शंभर मिलिमीटरची घ्या.’ हा सल्ला कीटक टिपणाऱ्यांच्या अनुभवातून आलेला आहे. फुलपाखरू जवळ गेल्यास उडून जाते, म्हणून तेथे दूर उभे राहण्याची सोय हवी. टाकीतला मासा मात्र काचेपलीकडे जाऊ शकत नाही. त्याच्या बाबतीत अंतराचे गणित निराळे आहे आणि योग्य लेन्स कोणती याचे उत्तर त्या गणितातच दडलेले आहे.

एकास एक म्हणजे काय?

मॅक्रो लेन्सची ओळख तिच्या प्रमाणावरून होते. वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्यातील सेन्सरवर पडत असेल, तर ते प्रमाण एकास एक. प्रतिमा वस्तूच्या निम्मी असेल तर एकास दोन. बहुतेक हौशी कॅमेऱ्यांत असणाऱ्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मि.मी. असते, कॅननच्या बाबतीत २२.३ मि.मी. म्हणजे एकास एक प्रमाणात जेमतेम अडीच सेंटिमीटरचा भाग चौकटीत मावतो. तीन सेंटिमीटरचा निऑन टेट्रासुद्धा त्यात पूर्ण बसत नाही. त्याचे अख्खे छायाचित्र घ्यायचे तर एकास दोन हेच प्रमाण सोयीचे. बारा सेंटिमीटरच्या एंजलसाठी एकास सात पुरेसे होते.

ठिपक्यांच्या प्रश्नालाही हेच लागू पडते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात एका ओळीत सुमारे सहा हजार बिंदू असतात. एकास चार प्रमाणात टिपलेला एक मिलिमीटरचा ठिपका त्यातील साठहून अधिक बिंदू व्यापतो. त्याचा आकार आणि जागा कळण्यास एवढे पुरते. एकास एक प्रमाणाची खरी गरज भासते ती अंडी, नुकतीच जन्मलेली पिल्ले, छोट्या श्रिम्प किंवा माशाचा केवळ डोळा टिपताना. त्यामुळे एकास दोनपर्यंतच जाणाऱ्या जुन्या लेन्स, उदाहरणार्थ कॅननची ५० मि.मी. एफ/२.५ किंवा निकॉनची हाताने फोकस करावयाची ५५ मि.मी. एफ/२.८, मत्स्यालयासाठी कमी प्रतीच्या ठरत नाहीत. पुढे गरज पडलीच, तर लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूब बसवून प्रमाण वाढविता येते.

याउलट, झूम लेन्सवर छापलेल्या ‘मॅक्रो’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. अनेक झूम लेन्सच्या बाबतीत त्याचा अर्थ एकास चारच्या आसपास एवढाच असतो. ७०-३०० मि.मी.च्या काही लेन्स एकास दोनपर्यंत जातात, पण त्यासाठी माशापासून सुमारे एक मीटर दूर राहावे लागते. टाकीसमोर हे अंतर का नडते, ते आता पाहू.

काच, पाणी आणि अंतर

टाकीच्या छायाचित्रणातील सर्वांत मोठा शत्रू म्हणजे काचेवरील प्रतिबिंब. खोलीतील दिवा, खिडकी, छायाचित्रकाराचा पांढरा सदरा हे सारे काचेत उमटते. त्यावर खात्रीचा उपाय एकच. लेन्सच्या तोंडावर रबरी हूड बसवून ते काचेला अलगद टेकवावे. लेन्स काचेपासून जितकी दूर, तितका खोलीतील उजेड मध्ये शिरतो. शिवाय लेन्स काचेला काटकोनात धरावी लागते. तिरक्या कोनातून पाहिल्यास पाणी आणि काच यांतून होणाऱ्या अपवर्तनामुळे माशाच्या कडांना रंगीत किनार येते आणि रेखीवपणा जातो.

अपवर्तनाचा आणखी एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो. पाण्यातील वस्तू प्रत्यक्षाहून जवळ भासते. प्रत्यक्ष खोलीला १.३३ ने भागले की भासमान खोली मिळते. काचेमागे १५ सें.मी.वर असलेला मासा लेन्सला सुमारे ११ सें.मी.वर दिसतो. नेहमीची २ फूट लांब आणि १ फूट रुंद टाकी पुढून मागे ३० सें.मी. असते, लेन्सच्या दृष्टीने ती केवळ साडेबावीस सें.मी. खोल आहे.

आता लेन्सच्या माहितीपत्रकातील आकडा पाहावा. त्यात दिलेले किमान फोकस अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे, तर सेन्सरपासून मोजलेले असते. कॅननच्या १०० मि.मी. एफ/२.८ यूएसएम या २००० सालच्या लेन्सचे किमान अंतर ३१ सें.मी. आहे, परंतु एकास एक प्रमाणात लेन्सचे टोक आणि वस्तू यांत सुमारे १५ सें.मी.च उरतात. कॅननच्याच ६० मि.मी. ईएफ-एस लेन्सचे किमान अंतर २० सें.मी., आणि टोकापुढे उरतात सुमारे ९ सें.मी. निकॉनच्या ६० मि.मी. एफ/२.८ डी या जुन्या लेन्समध्ये हे अंतर ७ सें.मी.च्या आसपास येते. खरेदीपूर्वी पाहावयाचा आकडा हा, टोकापुढील अंतराचा.

कोणत्या टाकीला कोणती?

या आकड्यांची सांगड टाकीशी घातली की चित्र स्पष्ट होते. ढोबळ गणित असे : एकास दोन प्रमाणासाठी वस्तू लेन्सच्या मध्यापासून फोकल लेन्ग्थच्या तिप्पट अंतरावर हवी आणि एकास सातसाठी आठपट अंतरावर. जवळ फोकस करताना आधुनिक लेन्सची फोकल लेन्ग्थ काहीशी घटते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे कमी भरतात, तरी दिशा तीच राहते.

तीन सेंटिमीटरचा टेट्रा एकास दोन प्रमाणात टिपायचा, तर ६० मि.मी.च्या लेन्सला १८ सें.मी. आणि १०० मि.मी.च्या लेन्सला ३० सें.मी. अंतर लागते. टाकीच्या मध्यावर पोहणाऱ्या माशासाठी ६० मि.मी.ची लेन्स काचेच्या अगदी लगत राहते, तर १०० मि.मी.ची लेन्स मागे न्यावी लागते. एंजलचे पूर्ण छायाचित्र घेताना हा फरक अधिकच वाढतो. ६० मि.मी.ला ४८ सें.मी. पुरतात, १०० मि.मी.ला ८० सें.मी. लागतात. मुंबईतील छोट्या खोलीत तेवढे मागे सरकायला पलंगावर चढावे लागेल आणि खोलीतील यच्चयावत वस्तू काचेत उमटतील, ते वेगळेच.

म्हणजे एपीएस-सी कॅमेरा, दोन फुटांपर्यंतची टाकी आणि पूर्ण मासा टिपण्याची इच्छा असेल, तर ५० ते ६० मि.मी.ची लेन्स अधिक सोयीची. याउलट, मागच्या लाकडावर बसलेली श्रिम्प किंवा गुहेच्या तोंडाशी घातलेली अंडी एकास एक प्रमाणात हवी असतील, तर ९० ते १०५ मि.मी.ला पर्याय नाही. काचेला टेकवलेली ६० मि.मी.ची ईएफ-एस लेन्स एकास एक प्रमाणात काचेमागे साधारण १२ सें.मी.पर्यंतच पोहोचते, तर १०० मि.मी.ची सुमारे २० सें.मी.पर्यंत. शिवाय लांब लेन्सचा दृष्टिकोन अरुंद असल्याने चौकटीच्या कडेलाही किरण फार तिरपे पडत नाहीत. चार फुटी खोल टाकी, लाजाळू मासे आणि फुल-फ्रेम कॅमेरा असणाऱ्यांनीही लांब लेन्सच पाहावी.

आणखी एक बारकावा आहे. काही लेन्स जवळ फोकस करताना पुढे वाढत जातात. टॅमरॉनची ९० मि.मी. एफ/२.८ ही लोकप्रिय जुनी लेन्स आणि निकॉनची ६० मि.मी. डी या त्यातल्या. काचेला टेकवून वापरताना अशी लेन्स काचेवर दाब देते आणि फोकसच्या यंत्रणेवर ताण येतो. कॅननच्या उपरोल्लेखित दोन्ही लेन्स, तसेच निकॉनची २००६ सालची १०५ मि.मी. व्हीआर आणि २००८ सालची ६० मि.मी. जी यांची लांबी फोकस करताना बदलत नाही. किंमत सारखी असल्यास टाकीसाठी अशा लेन्सला प्राधान्य द्यावे.

पैसे कशासाठी मोजावेत?

नव्या लेन्सची किंमत प्रामुख्याने दोन गोष्टींमुळे चढते : हाताची थरथर शमविणारी स्थिरीकरण यंत्रणा आणि वेगवान ऑटोफोकस. टाकीसमोर या दोहोंचा उपयोग मर्यादित आहे. स्थिरीकरणाने छायाचित्रकाराचा हात स्थिर होतो, मासा नव्हे. ऑटोफोकस काचेवरील ओरखडे आणि शेवाळ यांवर अडखळतो. अनुभवी मंडळी फोकस एका जागी बांधून ठेवतात आणि मासा त्या प्रतलात येण्याची वाट पाहतात. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची साधी मॅक्रो लेन्सही येथे नव्या लेन्सच्या तोडीचे काम करते.

खरी टंचाई असते ती प्रकाशाची. जवळून टिपताना रेखीव दिसणारा पट्टा फार उथळ असतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर एफ/११ इतके अॅपर्चर ठेवूनही एकास एक प्रमाणात तो एक मिलिमीटरहून कमी, एकास दोनला सुमारे अडीच आणि एकास चारला जवळपास नऊ मिलिमीटर भरतो. अॅपर्चर त्याहून फार बारीक केल्यास विवर्तनामुळे प्रतिमा मऊ पडते. शिवाय एकास एक प्रमाणात लेन्स दोन स्टॉप प्रकाश गमावते, एफ/२.८ प्रत्यक्षात एफ/५.६ सारखे वागते. टाकीवरील एलईडीच्या उजेडात हे भागत नाही.

म्हणून वापरलेली लेन्स घेऊन वाचलेल्या पैशांतून एक स्वतंत्र फ्लॅश आणि तो कॅमेऱ्यापासून दूर चालविणारा ट्रिगर घ्यावा. फ्लॅश टाकीच्या वर, झाकणाच्या काचेवर खाली तोंड करून ठेवला की मासा नैसर्गिकरीत्या वरून उजळतो, त्याची हालचाल गोठते आणि पुढच्या काचेवर प्रतिबिंब येत नाही. फ्लॅशवर पाण्याचे तुषार उडणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी. फिल्मच्या काळातील काही जुन्या फ्लॅशचे ट्रिगर व्होल्टेज इतके जास्त असते की डिजिटल कॅमेऱ्याचे सर्किट बिघडू शकते, तेव्हा ते थेट कॅमेऱ्यावर बसवू नयेत. फ्लॅश वापरताना टाकीचा दिवा चालू ठेवावा. अंधारात अचानक झालेल्या लखलखाटाने मासे बिथरतात.

जोडणीचा पेच

वापरलेल्या लेन्सच्या व्यवहारात सर्वाधिक फसगत होते ती माऊंटच्या बाबतीत. निकॉनच्या डी अक्षराच्या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते. डी४०, डी६० तसेच डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत ती नाही. त्यांवर या लेन्स बसतात, पण फोकस हातानेच करावा लागतो. निकॉनच्या झेड कॅमेऱ्यांना एफटीझेड अडॅप्टर लावल्यावरही हीच मर्यादा राहते. १९७७ पूर्वीची, बदल न केलेली निकॉन लेन्स काही कॅमेऱ्यांवर जबरदस्तीने बसविल्यास माऊंटचा बारीक भाग मोडू शकतो.

कॅननच्या १९८७ नंतरच्या ईएफ लेन्स ईओएस डीएसएलआरवर थेट आणि आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर अडॅप्टरने व्यवस्थित चालतात. त्याआधीच्या एफडी लेन्स डीएसएलआरवर साध्या अडॅप्टरने चालत नाहीत, मिररलेसवर मात्र चालतात. ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. २०१८ साली कॅनन आर आणि निकॉन झेड हे संच बाजारात आल्यानंतर अनेकांनी डीएसएलआरच्या जुन्या लेन्स विकायला काढल्या. खरेदीदाराला त्यामुळे निवडीस वाव आहे, घाई करण्याचे कारण नाही.

दुकानात उभे राहून

लेन्स पाहायला जाताना स्वतःचा कॅमेरा, एक छोटी विजेरी, पोलादी मोजपट्टी आणि वर्तमानपत्राचे एक पान सोबत न्यावे. एवढ्या सामग्रीवर पंधरा मिनिटांत लेन्सची परीक्षा होते.

प्रथम दोन्ही बाजूंची झाकणे काढून, अॅपर्चर पूर्ण उघडून, मागून विजेरीचा झोत तिरपा टाकावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. सर्वत्र दुधी पडदा दिसला तर आतील वंगणाची वाफ भिंगांवर बसलेली असण्याची शक्यता आहे. कडेला इंद्रधनुषी चट्टे असतील तर चिकटविलेली भिंगे सुटू लागली आहेत. असे दोष असलेली लेन्स परत ठेवावी. धुळीचे चार-दोन कण मात्र निरुपद्रवी असतात, त्यांवरून सौदा मोडू नये. पुढच्या भिंगावरील बारीक ओरखडा बहुधा चित्रात उमटत नाही, मागच्या भिंगावरचा मात्र उमटू शकतो.

नंतर अॅपर्चरची पाती पाहावीत. ती कोरडी असावीत आणि झटकन मिटावीत. निकॉनच्या ५५ मि.मी. एफ/२.८ या अन्यथा उत्तम लेन्समध्ये फोकसचे वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरते, हा तिचा प्रसिद्ध दोष आहे. पाती चिकटली की ती उशिरा मिटतात आणि छायाचित्र वाजवीपेक्षा उजळ येते. फोकसचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या ताणाने फिरावे, कोठेही खरखर वा ढिलाई जाणवू नये.

मग लेन्स किमान अंतरावर आणून मोजपट्टीचे छायाचित्र घ्यावे. एपीएस-सी कॅमेऱ्यात पट्टीचे २३-२४ मिलिमीटर, कॅननमध्ये सुमारे २२ मिलिमीटर, चौकटभर दिसले तर एकास एकचा दावा खरा. ४७ मिलिमीटर दिसले तर लेन्स एकास दोनची आहे. शेवटी वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट लावून, कॅमेरा त्याला समांतर धरून, एफ/५.६ वर छायाचित्र काढावे. पडद्यावर मोठे करून चारही कोपऱ्यांतील अक्षरे वाचावीत. एकच कोपरा अस्पष्ट असेल तर लेन्स कधीतरी आपटून आतील भिंग सरकले असावे. मूळ बिल आणि लेन्सवरील अनुक्रमांक जुळतात का, हे पाहण्यास संकोच करू नये. सदोष निघाल्यास किती दिवसांत परत घेणार, हेही लिहून घ्यावे.

बुरशीचे काय?

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत बुरशीचा प्रश्न अधिक गंभीर असतो. पावसाळाभर चामडी पिशवीत बंद राहिलेली लेन्स बाहेरून नवी कोरी दिसूनही आतून खराब असू शकते. सुरुवातीची बुरशी जाणकार कारागीर साफ करू शकतो, मात्र ती मुरली की भिंगावरील लेप कायमचा खातो. ‘थोडी आहे, चित्रात दिसत नाही,’ हे विक्रेत्याचे म्हणणे एका अर्थी खरे असते, परंतु मत्स्यालयात वरून येणारा फ्लॅशचा झोत लेन्सकडे फाकला की अशाच लेन्सची छायाचित्रे धुरकट होतात. सफाईचा खर्च आधी विचारावा आणि तो किमतीतून वजा होत नसेल तर नमस्कार करून निघावे.

घेतलेली लेन्सही टाकीशेजारच्या कपाटात ठेवू नये. उघड्या टाकीतून पाण्याची वाफ सतत उठत असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखली तर लेन्स वर्षानुवर्षे टिकते. जेल ओलसर झाले की तापवून कोरडे करावे, आणि महत्त्वाचे म्हणजे लेन्स वापरात ठेवावी.

खरेदीला निघण्यापूर्वीची तयारी थोडक्यात एवढीच : टाकीची पुढून मागे खोली मोजावी, सर्वाधिक आवडत्या माशाची लांबी पाहावी आणि टाकीसमोर आपल्याला किती मागे सरकता येते ते पाहावे. हे तीन आकडे कागदावर असले की विक्रेत्याच्या वा मित्राच्या आग्रहाला उत्तर देता येते. निवड कधी जुन्या एकास दोनच्या लेन्सवर स्थिरावेल, कधी शंभर मिलिमीटरवर, पण ती आपल्या टाकीसाठी केलेली असेल. आणि पुढच्या खेपेस गोल्डफिशच्या कल्ल्यावर पांढरे ठिपके दिसले, तर औषधाची बाटली उघडण्याआधी ते ओळीत आहेत की विखुरलेले, हे छायाचित्र मोठे करून स्वस्थपणे पाहता येईल.